कंसातले जुने, कंसाबाहेरचे नवे

‘अवयव पाडा’ हे शब्द आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेत. इथे गुजराती शाळेतही ‘अवयव पाडो’च म्हणतात. मूळ संख्येला मात्र गुजरातीत ‘अविभाज्य’ म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो.

गेली सहा वर्षं हिशेबाचं काम आटोपून घरी आले, की मी अवयव पाडत बसते. फॅक्टरडीबी नावाची एक साइट आहे, जगभरच्या हौशी लोकांनी भरलेली. तिथे एखादं सूत्र टाइप केलं, की संख्या किती अंकी आहे आणि तिचे कोणते अवयव सापडलेत ते दिसतं. राहिलेला अवयव आपल्याला सापडला तर आपण टाकायचा. साइट भागून बघते, बाकी शून्य आली की नोंद पक्की. डिग्री कोणी विचारत नाही.

मे महिन्यात भाची राहायला आली. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. रात्रभर लॅपटॉप कशाला चालू ठेवतेस मावशी, असं तिने विचारलं. मी तिला नुसत्या एकांनी बनलेल्या संख्या दिल्या. ११, १११, ११११ अशा. म्हटलं, यांचा तक्ता कर.

तिने झरझर केला. १११ म्हणजे ३ × ३७, ११११ म्हणजे ११ × १०१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. बारा एकांपुढे तिने लिहिलं: ३, ७, ११, १३, ३७, १०१, ९९०१. अगदी बरोबर होतं, पण मला ते पटेना. हे सात अवयव एका रांगेत उभे केले, तर यातला कोण फुकट आलाय आणि कुणासाठी घाम गाळावा लागलाय ते कळत नाही.

मग कागद घेतला. बारा एक म्हणजे १० चा बारावा घात वजा १, भागिले ९. आता १० च्या जागी क्ष लिहा. क्षचा बारावा घात वजा १ ही राशी क्षचा सहावा घात वजा १ हिने पूर्ण भागली जाते. चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या घातांचंही तसंच. सहाव्या घातापुरतं पाहिलं तर (क्ष−१)(क्ष+१)(क्ष²+क्ष+१)(क्ष²−क्ष+१). क्ष = १० ठेवलं की ९, ११, १११ आणि ९१. म्हणजे बाराच्या ओळीत बहुतेक सगळे पाहुणे २, ३, ४ आणि ६ च्या ओळींतून आलेले. नवा एकटा ९९०१.

कनिंगहॅम आणि वुडॉल यांनी अशा संख्यांच्या अवयवांचे तक्ते १९२५ मध्ये छापले. पुढे ते काम इतरांनी चालू ठेवलं, आणि त्या तक्त्यांच्या पद्धतीने बाराची ओळ अशी लिहिता येते: कंसात १, २, ३, ४, ६ आणि कंसाबाहेर फक्त ९९०१. ‘बाकीचे त्या त्या ओळीत पाहा.’ किती कमी शाई! जागा वाचवायला केलेली ही युक्ती मला तरी लांबलचक यादीपेक्षा जास्त खरी वाटते.

भाचीने पुन्हा तक्ता केला, कंस घालून. आणि दोन दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, “मावशी, १/७ मध्ये १४२८५७ हे सहा अंक परत परत येतात ना? ७ नवा येतो तो सहाच्याच ओळीत!” ३७ तिसऱ्या ओळीत, १/३७ म्हणजे ०.०२७०२७. ४१ पाचव्या ओळीत, १/४१ म्हणजे ०.०२४३९०२४३९. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या पहिल्या यादीतून ते दिसलंही नसतं.

मग साहजिकच द. रा. कापरेकर आठवले. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे. ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा संख्यांना त्यांनी डोंबिवली स्टेशनाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो’ म्हटलं. भाचीच्या तक्त्यातल्या ओळींचे वर्ग केले, की डेम्लो संख्यांचे अवयव तयार.

सगळंच असं फुकट मिळत नाही. सतरा ही मूळ संख्या, त्यामुळे सतरा एकांना आधीच्या ओळींकडून काहीच येत नाही. तिथे २०७१७२३ × ५३६३२२२३५७ शोधूनच काढावे लागतात. गुणायला एक मिनिट, शोधायला कितीतरी जास्त. बँकेच्या व्यवहारांची काही कुलपं याच फरकावर उभी आहेत. २०२० मध्ये आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फोडली, तेव्हा एकाच प्रोसेसर-कोअरवर सुमारे २७०० वर्षं चाललं असतं एवढं गणन लागलं.

आता ताईचं ऐका. भाचीच्या क्लासमध्ये सांगून ठेवलं होतं, हिला गणित झेपणार नाही, बी ग्रुप घ्या. जीवशास्त्र वाईट नाही, आवडीने घेतलं तर उत्तमच. पण भाचीला ते आवडीने नव्हतं घ्यायचं. मी वाद घातला नाही. तिचा तक्ता ताईपुढे ठेवला आणि कॅल्क्युलेटर दिला. ताईने चार-पाच ओळी गुणून पाहिल्या, आणि मग बराच वेळ कंसातल्या आकड्यांचा अर्थ लेकीकडून समजून घेतला.

फॉर्मवर ए ग्रुप लिहिला आहे. पुढचं पुढे. तिने आता क्षच्या जागी १० ऐवजी १२ घालून नवा तक्ता सुरू केलाय, आणि माझा लॅपटॉप रात्री तिच्याकडे असतो.