घट कोणाचा?

इ. स. पूर्व ५२५ च्या सुमारास अथेन्सच्या घटचित्रकारांनी एक जुनी रीत उलटी केली. पूर्वी ते तांबड्या मातीवर काळ्या आकृती काढीत. आता भोवतालची जागा काळी करून आकृती मातीच्याच रंगात राखू लागले. सळईने कोरण्याऐवजी रेघ कुंचल्याने ओढता आली, आणि स्नायू, पापणी, वस्त्राची चुणी जिवंत झाली. तो काळा रंग म्हणजे तीच माती, अधिक गाळलेली. भट्टीतली हवा आधी खेळती ठेवून, मग कोंडून, मग पुन्हा सोडून तो साधीत.

अशाच एका घटावर सार्पेडॉन या वीराचे शव निद्रा आणि मृत्यू हे दोघे भाऊ उचलून नेत आहेत. त्यावर चित्रकार युफ्रोनिओस याची सही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने तो १९७२ साली सुमारे १० लाख डॉलरांना घेतला. पुढे तो इटलीतील एका थडग्यातून चोरून काढल्याचा पुरावा आला आणि २००८ साली तो परत गेला. चोराला जो हक्क नाही, तो त्याच्याकडून घेणाऱ्याला मिळत नाही; वकिलाला हे प्रकरण सोपे.

आमच्याकडचे तितके सोपे नाही. जी तापी आम्हां भेस्तानकरांच्या सुरतेपुढे समुद्रास मिळते, तिच्याच काठी, दक्षिण काशी म्हणविणाऱ्या प्रकाशे येथे १९५५ साली थापर यांनी उत्खनन केले. तांबड्यावर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी तेथे निघाली. सही कोणाचीच नाही. घटस्थापनेचा घट दरवर्षी नवा बसविणाऱ्या आपल्याला त्याचे नवलही वाटू नये.

याच पद्धतीची वस्ती शिरूर तालुक्यात इनामगावास होती. डेक्कन कॉलेजच्या मंडळींना तेथे घरांच्या जमिनीखाली बालकांची दफने सापडली: दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ, जवळ तोटीचे भांडे. माझा धाकटा भाऊ सतराव्या दिवशी गेला. त्यालाही अग्नी दिला नाही, मातीतच ठेवले. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईने झाकलेले आपण कोणत्या अधिकाराने उघडावे? कायदा मालकी सरकारची म्हणतो, आणि थराथराची नोंद ठेवणारा हात चोराचा नव्हे, हेही मला मान्य आहे. त्या नोंदीवाचून ते तोटीचे भांडे आपल्याला कळलेच नसते.

आईला मी हे सारे सांगितले. तिने विचारले, "मग पुन्हा झाकले का रे?"

ते अवशेष पुण्यास डेक्कन कॉलेजात नीट जपून ठेवले आहेत, एवढेच मी सांगितले.