एका डोळ्याची खरेदी

मुलांना आपलें तोंड कसें दिसत असेल, ही चिंता चाळीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस कधीं शिवली नाहीं. तोंड फळ्याकडे आणि पाठ वर्गाकडे, ही भूमितीच्या शिक्षकाची नेहमींचीच तऱ्हा. पुढें मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, शाळांना कुलुपें लागलीं, आणि सेवानिवृत्तीनंतरहि दहावीच्या चार मुलांना घरीं बोलावून शिकविण्याची जी खोड आम्हीं जपली होती, तिला लॅपटॉपच्या पडद्याचा आश्रय घ्यावा लागला. पहिल्याच दिवशीं पडद्याच्या कोपऱ्यांत आम्हीं स्वतःस पाहिलें. दोन नाकपुड्या, त्यांच्यावर चष्म्याची कड, आणि मस्तकामागें प्रभावळीसारखा फिरणारा छताचा पंखा! आम्हीं लॅपटॉपखालीं शब्दकोशाचे दोन खंड सरकविले. त्या खंडांचा उपयोग होतांना आपण प्रथमच पाहत आहों, असा शेरा स्वयंपाकघरांतून आला. तो आम्हीं ऐकून न ऐकल्यासारखा केला.

तोंडाची सोय झाली, पण भूमिती तोंडानें शिकवितां येत नाहीं. आकृति काढून वही कॅमेऱ्यापुढें धरावी, तर जवळ नेल्यास ती धुरकट होई आणि दूर नेल्यास अक्षर मुंगीएवढें दिसे. चौघांतली एक मुलगी सातारा जिल्ह्यांतल्या आपल्या गांवीं गेली होती व आईच्या फोनवरून वर्गाला बसे. "सर, स्पर्शिका कोणती आणि जीवा कोणती, तें कळत नाहीं," असें ती रोज अत्यंत विनयानें सांगे. एके दिवशीं तिनें सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिचें नांव पडद्यावर आलेंच नाहीं.

आम्हीं नवा कॅमेरा घेण्याचें ठरविलें. ह्या बाबतींत आमचे सल्लागार म्हणजे आमचे भाचे. त्यांनीं ७२० आणि १०८० ह्या संख्यांवर दीर्घ व्याख्यान दिलें. गणिताच्या मास्तरापुढें संख्या टाकल्या कीं तो गुणाकार करणारच. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके, आणि १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००, बरोबर सव्वादोनपट. आम्ही हर्षभरित झालों. परंतु मागाहून भाच्यांनींच कबूल केलें कीं, वर्गाचें सॉफ्टवेअर फोनच्या जाळ्याचा वेग पाहून चित्र लहान करतें, आणि खेड्यांतल्या फोनपर्यंत त्या सव्वादोनपटींतलें फारसें कांहींच पोंचत नाहीं. त्यापेक्षां दिवा नीट लावावा! हें आधीं सांगितलें असतें तर आमचा गुणाकार वांचला असता.

ह्याच सुमारास एक जुनी हकीकत आमच्या वाचनांत आली. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेंत १९९१ सालीं कांहीं संशोधकांनीं कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखून ठेवला होता. हेतु इतकाच, कीं भांडें रिकामें असल्यास जिने चढउतर करण्याचा हेलपाटा वांचावा. चित्र लहानसें, करड्या रंगाचें, १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचें. तरी तो कॅमेरा दहा वर्षें कामास आला. काय पाहावयाचें आहे, हें त्या मंडळींस पक्कें ठाऊक होतें. आम्ही मात्र पंधरा दिवस आपल्या नाकपुड्यांची व्यवस्था लावीत बसलों होतों.

तेव्हां कॅमेरा घेतला तो हातासाठीं. त्या दिवसांत ह्या वस्तूला एवढी मागणी होती कीं दुकानदारानें तीन आठवडे थांबविलें. आल्यावर लोणच्याच्या दोन बरण्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकून, तो खालीं वहीकडे पाहील असा बांधला. प्रथम वही मुलांस उलटी दिसली, म्हणून कॅमेरा अर्धा वळसा फिरविला. मग हात हलला कीं चित्र धूसर होई, पुन्हा स्पष्ट होई. कारण तो डोळा हाताच्या मागें धांवून दर वेळीं नव्यानें नजर जुळवी. ती खोड सॉफ्टवेअरमधून बंद करून नजर कागदावर खिळवून टाकली. दिवा डाव्या बाजूस ठेवला, म्हणजे उजव्या हाताची सावली आकृतीवर पडूं नये. कंपासाचें टोंक कागदांत रुततांना दिसूं लागलें, तेव्हां तिघांपैकीं एकजण "अरे वा!" म्हणाला.

चौथीचें नांव अजून नव्हतेंच. शेवटीं आम्हीं तिच्या आईस फोन केला. रात्रीं नऊ वाजतां वडिलांनीं तो उचलला. घरांत फोन एकच. काम पुन्हा सुरू झाल्यापासून तो दिवसभर त्यांच्याबरोबर असे. म्हणजे आमच्या चित्राचा ह्यांत कांहीं दोष नव्हता, आणि आमच्या खरेदीचा तिला कांहीं उपयोगहि नव्हता. बरण्यांकडे पाहत आम्ही बराच वेळ बसून राहिलों. मग त्याच पट्टीखालीं वही ठेवून स्पर्शिकेचें प्रमेय सात मिनिटांत काढून दाखविलें, मुद्रित केलें, आणि रात्रींच पाठविलें. पुढें हा नेमच पडला.

नवव्या रात्रीं उत्तर आलें. वहीचें तिरपें छायाचित्र, कोपऱ्यांत कोणाचासा अंगठा, मध्यें वर्तुळ, त्रिज्या आणि स्पर्शिका. आम्हीं चष्मा पुसून तें मोठें करून पाहिलें व लिहिलें, "आकृति बरोबर आहे. काटकोनाची खूण राहिली."