वळचणीचे पाणी

अशक्य ते घडले म्हणजे वळचणीचे पाणी आढ्याला गेले, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील घरांच्या, शाळांच्या आणि देवळांच्या छपरांवर पस्तीस पावसाळे काढल्यानंतर मला हा वाक्प्रचार पूर्वीइतक्या सहजतेने उच्चारता येत नाही. कारण पाणी वर चढते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकावर एक चढवलेल्या दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहिली, की केशाकर्षणाने पाणी उताराच्या उलट दिशेने चार-सहा बोटे वर सरकते, आणि त्याच वेळी नैर्ऋत्येकडून येणारा आषाढातला वारा त्या फटीच्या तोंडाशी येऊन थडकला, तर तो त्याला आणखी आत लोटतो. मग ज्या जागी पाणी पोचणे शक्यच नाही असे घरधनी शपथेवर सांगत असतो, नेमक्या त्याच जागी तुळईवर ओल उमटते. माझ्या कामाचा आरंभ बहुधा अशा एखाद्या ओलीपासून होतो.

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या आमच्या मिस्त्रींच्या उमेदीच्या काळात सीलंट हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. घाणीत मळलेला चुना, जवसाच्या तेलात खडूची पूड कालवून केलेली लांबी, लोखंडी सांध्यांसाठी त्याच तेलात कालवलेला शेंदूर, आणि जिथे काहीच चालत नाही तिथे तापवलेले डांबर, एवढीच त्यांची सामग्री होती. पण सांधा म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावले ते छपरावर नव्हे, खाडीकाठी, ओढून ठेवलेल्या एका होडीपाशी. फळ्यांच्या फटींतून तेलाराळेत भिजवलेला कापूस कारागीर ठासून बसवीत होता, तो दाखवून ते म्हणाले, ‘‘लाकडाची चीप मारली असती तर काम लवकर झालं असतं, नाही? पण फळी पाण्यात फुगते नि उन्हात आकसते. चीप तिच्याशी भांडेल. कापूस तिच्याबरोबर जाईल.’’ त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटले नाही. ते वाक्य समजण्यासाठी मला एका घराचे नुकसान करावे लागले.

ते घर राजापूरकडचे, चौसोपी, मंगलोरी कौलांचे. मंगळुरास बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही लाल, खाचा पाडलेली कौले गलबतांतून कोकणच्या बंदरांवर उतरू लागली, तेव्हापासून गावच्या कुंभाराच्या नळ्यांची जागा त्यांनी हळूहळू घेतली. परंतु दोन्ही प्रकारच्या छपरांचा मूळ धर्म एकच राहिला. कौलारू छपरात सांधे बुजवणारा भराव म्हणून काही नसतेच. उतार, एका कौलाची दुसऱ्यावर चढ, आणि मधून खेळणारी हवा, या तिहींच्या जोरावर ते पाऊस निभावते. थोडे पाणी आत शिरले तर तेही खालच्या कौलावर उतरून बाहेर पडते, आणि भिजलेली रीप उघडीप मिळताच वाळते. हे मला ठाऊक असायला हवे होते. मी तेव्हा नुकताच स्वतंत्र कामे घेऊ लागलो होतो, बाजारात सिलिकॉनच्या नळ्या नव्याने दिसू लागल्या होत्या, आणि त्या घरच्या आजींची मागणी इतकीच होती की देवघरात ठेवलेले पातेले एकदा कायमचे उचलले जावे. दोन पाखे जिथे आत वळून मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत, जिला आम्ही कारागीर व्हॅली म्हणतो, तीन सांधे गळत होते. मी ते सिलिकॉनने चकचकीत भरले, आणि तेवढ्यावर न थांबता पन्हळीलगतच्या कौलांच्या खालच्या कडा सिमेंटने लिंपून टाकल्या, की वाऱ्याने पाणी आत जाण्यास वावच राहू नये.

मृग कोरडा गेला, आर्द्राही निभावली, आणि पुष्यात माजघरात तीन ठिकाणी पाणी आले. मी कौले उचलून पाहिली तेव्हा सारी कैफियत समोर उघडी झाली. वरच्या एका तडकलेल्या कौलातून आणि वाऱ्याबरोबर जे पाणी पूर्वीही आत येत होते, पण आल्या वाटेने निघून जात होते, त्याची बाहेर पडण्याची वाट मी सिमेंटने बुजवली होती. कोंडलेले ते पाणी रिपेचा आधार धरून आडवे चालत थेट माजघरावर आले होते, आणि रीप इतकी मऊ झाली होती की नख सहज रुतत होते. पन्हळीतले सिलिकॉन मी एका टोकाला धरून ओढले, तर सापाच्या कातेसारखी सलग पट्टी हातात आली. ज्या सिलिकॉनला भरताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून वाळताना ऍसेटिक आम्ल सुटते. ते आम्ल जस्ताला खाते, आणि माझ्या पट्टीखाली जस्ताच्या मुलाम्याचा पांढरा भुगा झाला होता. भरावाने पत्र्याला धरलेच नव्हते, त्याने धरला होता तो भुगा. आजी खाली उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या. ‘‘अरे बाबा, पूर्वी मी एकच पातेलं ठेवीत होते,’’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आजही माझ्याबरोबर शिडी चढते.

तेव्हापासून माझी एक श्रद्धा झाली आहे. जमिनीच्या कज्ज्यांत वहिवाट हा शब्द फार येतो. वर्षानुवर्षे ज्या वाटेने कोणी जात आला ती वाट त्याला नाकारता येत नाही. छपरावर पाण्याची अशीच वहिवाट असते. ती आधी ओळखावी, मान्य करावी, आणि मगच हद्दीचा बंदोबस्त करावा. ज्या सांध्यातून पाणी बाहेर पडते तो भरणे हा इलाज नव्हे, ती अडवणूक होय; आणि अडवलेले पाणी दुसरी वाट काढल्याशिवाय राहत नाही. पन्हळीला उतार नसेल, दर 3 मीटरला निदान 10 मिलिमीटर तरी ती खाली झुकत नसेल, तर तिचे सांधे कितीही महाग मालाने भरले तरी ते वर्षाचे चार महिने पाण्यात बुडून राहणार. म्हणून भरावाची नळी हातात घेण्यापूर्वी मी पाहणीस एक अख्खा दिवस घेतो. ठिबक दिसते त्या जागी गळती क्वचितच असते. कोरड्या दिवसांत पाण्याची नळी घेऊन वळचणीपासून सुरुवात करावी, एका वेळी हातभर पट्टाच भिजवावा, खाली माणूस उभा करून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी, आणि मग वर सरकावे. वरून सुरुवात केली, की सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. घरमालकांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तोच कामाचा गाभा वाटतो.

सांधा स्वस्थ बसत नाही, हे होडीपाशी ऐकलेले सत्य आकड्यांत मांडले म्हणजे अधिक पटते. वैशाखातल्या दुपारी लोखंडी पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो, रात्री पंचवीसवर येतो. एवढ्या फरकाने 6 मीटर लांबीचा पत्रा सुमारे 3 मिलिमीटर वाढतो आणि आकसतो. ऍल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट हलते. पीव्हीसीची पन्हळ तर लोखंडाच्या पाचपट किंवा अधिकही, म्हणून तिच्या सांध्यांत रबरी पट्टी व सरकायला जागा दिलेली असते. ती चिकटवून पक्की करणाऱ्याला मी नेहमी सांगतो, की तुमची पन्हळ एक तर वाकेल, नाही तर तडकेल. तापलेल्या पत्र्यावर वळवाची पहिली सर पडते तेव्हा घरभर जो कडकडाट ऐकू येतो, तो या आकसण्याचा आवाज. घरातली माणसे त्या आवाजाने सुखावतात. माझा जीव मात्र त्या क्षणी सांध्यांत असतो, कारण वर्षभरात भरावावर सर्वांत मोठा ताण पडतो तो याच घटकेला.

तो ताण सोसण्यासाठी भरावाला आकार द्यावा लागतो. रुंद सांध्यात भरावाची खोली रुंदीच्या निम्मी असावी, 12 मिलिमीटर रुंद सांध्याला 6 मिलिमीटर. आणि त्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरावे, तळाला धरू नये. तळाला चिकटला, की त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो मधोमध फाटतो. यासाठी आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात, तिच्यावर भराव घालतात, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने वरून किंचित खोलगट दाबतात. दोरीची गोलाई खालून, बोटाची वरून. सांधा आडवा कापून पाहिला तर डमरूची आकृती दिसते, कडांना रुंद आणि कमरेत बारीक. त्या बारीक कमरेतच त्याचे सारे लवणे असते. अधिक माल म्हणजे अधिक मजबुती, ही आमच्या धंद्यातली सर्वांत खर्चिक समजूत आहे.

आता मालाच्या निवडीविषयी. दुकानात गेल्यावर ‘कोणता सर्वांत चांगला?’ असा प्रश्न लोक विचारतात, तेव्हा मला तो अपुरा वाटतो. कोणाशी त्याचा संसार व्हायचा आहे, हे आधी सांगावे लागते. सिलिकॉन उन्हाला अजिंक्य आहे, वर्षानुवर्षे त्याचा लवचिकपणा जात नाही. परंतु जस्त, तांबे आणि सिमेंट यांच्याजवळ न्यायचे ते आंबूस वास नसलेले, न्यूट्रल म्हणून मिळणारेच. शिवाय त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा ते लावले, की पुढे त्या जागी दुसरे काही धरत नाही, नवे सिलिकॉनसुद्धा भरवशाने नाही. म्हणून जुने सिलिकॉन शेवटच्या कणापर्यंत खरवडण्याची तयारी नसेल, तर त्या सांध्याला मी हात लावत नाही. पॉलियुरेथेन काँक्रीटला व विटेला घट्ट धरते, रंगही घेते, पण उघड्यावर ऊन त्याला पिठूळ करते, आणि ओलसर भिंतीवर भरले तर त्याच्या पोटात बुडबुडे उठतात. दोन पत्र्यांच्या चढीत मला सर्वांत भरवशाची वाटते ती ब्यूटाइलची पट्टी: ती कधी कडक होतच नाही, स्क्रूच्या दाबाने पसरते आणि पत्रा सरकला तर त्याच्याबरोबर सरकते, मात्र ती चढीच्या आत दडलेली हवी, उन्हात उघडी नव्हे. डांबरी मेस्टिक स्वस्त व सोपे, गरिबाच्या पडवीला पुरेसे. दोन-तीन उन्हाळ्यांनी ते चिरते, हे घरधन्याला आधी स्पष्ट सांगून मगच ते लावावे. या सर्वांना एकच अट समान आहे. पृष्ठभाग कोरडा, स्वच्छ आणि धूळमुक्त हवा. समुद्राकाठच्या पत्र्यावर मिठाचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो; गोड्या पाण्याने तो धुवून, पूर्ण वाळवून घेतल्यावाचून कोणताही माल पत्र्याला धरीत नाही, तो मिठाला धरतो.

शहरांतल्या गच्च्यांविषयी थोडेच लिहितो, कारण तो माझा प्रांत नव्हे. पण मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींवर विटांच्या तुकड्यांचा कोबा एकावर एक चढवलेला पाहिला, की मन अस्वस्थ होते. चार इंच कोबा दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार टाकतो. गळती थांबवण्यासाठी दुसरा, मग तिसरा थर घालताना खालच्या स्लॅबला कोणी विचारलेले नसते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या दापोली-मंडणगडाकडचीही असंख्य छपरे घेऊन गेले. टाळेबंदीचे दिवस, आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा, बंद पडलेली वीज, आणि तोंडावर पावसाळा. प्लास्टिकच्या कापडाखाली बसलेल्या माणसांना पाहून माझ्या साऱ्या नियमांची कसोटी लागली, कारण कोरडा पृष्ठभाग आणायचा कोठून? जे पत्रे शाबूत होते ते पुन्हा बसवताना मी आडव्या चढींची उघडी कड नैर्ऋत्येच्या उलट बाजूला वळवली, पत्रा जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून दोन सरींच्या मधल्या उघडिपीत ब्यूटाइलची पट्टी दाबली, आणि बाकीचे भराव गाठोड्यात तसेच ठेवले. एका गृहस्थाने कळवळून म्हटले, ‘‘मिस्त्री, निदान वरून तरी काहीतरी फासा.’’ मी फासले नाही. ओल्या पत्र्यावर लावलेला भराव त्याला दोन दिवस धीर देऊन तिसऱ्या रात्री दगा देता, आणि तो दगा माझ्या हातून होणार होता. त्याऐवजी त्याची ताडपत्री नीट ताणून, उतार देऊन बांधून दिली, आणि उरलेले काम दिवाळीनंतर येऊन पुरे केले.

राजापूरच्या त्या घराची दुरुस्ती मात्र मी ते गळले त्याच वर्षी स्वखर्चाने केली होती. सिमेंट फोडून काढले, रिपा बदलल्या, पन्हळ नव्या पत्र्याची, उतार वाढवून केली, आणि तिचे सांधे रिव्हेट मारून आतून ब्यूटाइलने व वरून न्यूट्रल सिलिकॉनने भरले. आजी आता नाहीत. त्यांच्या सूनबाई चैत्रात निरोप पाठवतात, आणि मी जातो. यंदाही गेलो. पन्हळीत आंब्याची पाने कुजून काळी झाली होती, ती हातांनी काढली, बादलीभर पाणी ओतून ते कोठे रेंगाळते का पाहिले, आणि मग एकेका सांध्यावर अंगठा दाबत सरकलो. पहिले दोन सांधे अंगठ्याखाली लवले आणि परत आले. तिसऱ्याची एक कड नखभर उचलली गेली होती. ऊन अजून चढायचे होते. मी कमरेची सुरी काढली आणि जुना भराव टोकापासून कापायला घेतला.