एक डबा, चार बिऱ्हाडं

"पत्रकाराला घरात सर्व्हर कशाला?" हे आता इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहितो. थोडं तांत्रिक आहे, पण विषय आपल्या गावाचाच आहे.

तालुक्याच्या गावातली साप्ताहिकं २००० नंतर कशी निघायची ते जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा. श्रीलिपीत टाइप करायचं, पेजमेकरमध्ये पान लावायचं, अंक छापून झाला की फाइल सीडीवर. काय आहे त्या सीड्यांमध्ये? विकास आराखड्यातली आरक्षणं, नगरपरिषदेच्या सभेत कोण काय बोललं, कुठल्या पाणीयोजनेचं भूमिपूजन किती वेळा झालं. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. श्रीलिपीतला तो जुना मजकूर युनिकोडमध्ये नाही, फॉन्ट नसला की समोर नुसती चिन्हं. म्हणजे गावाची आठवण आहे, पण कुलूपबंद. जुनं विसरलं जावं असं ज्यांना वाटतं, त्यांना काही करावंच लागत नाही. नुसतं थांबलं तरी पुरतं.

इथे व्हर्च्युअल मशीन उपयोगी पडतं. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक. जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं राहायची तसं समजा. छप्पर एक, आड एक, चुली वेगळ्या. कल्पना जुनीच, आयबीएमने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. आज प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली फुकट उतरवून घेता येते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्यामुळे बाद ठरलेला, पण धडधाकट असा ऑफिसचा संगणक या कामाला पुरतो.

माझ्या डब्यात १६ जीबी रॅम आहे. वाटणी अशी :

पहिलं बिऱ्हाड – विंडोज एक्सपी, पेजमेकर, जुने फॉन्ट. १ जीबी खूप झाली. एक्सपीचे नियमित अपडेट २०१४ मध्येच बंद झाले, म्हणून याला नेटवर्क कार्डच द्यायचं नाही. पानाची पीडीएफ वेगळ्या आभासी डिस्कवर ठेवायची आणि ती डिस्क पुढच्या मशीनला जोडायची.

दुसरं – अक्षरं ओळखणारं. त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तरी चिन्हंच येतात, म्हणून पानाचं चित्र करून ते टेसरॅक्टकडून वाचून घ्यायचं. त्याला मराठी येतं. चुका होतात, नावं आणि आकडे माणसानेच तपासायचे. ६ जीबी, फक्त रात्री चालू.

तिसरं – संग्रह आणि शोध. ४ जीबी, कायम चालू.

चौथं – लोकांनी पाठवलेल्या अनोळखी फाइली उघडायला. २ जीबी. फाइल बघायची आणि मशीन पुन्हा आधीच्या स्थितीला आणायचं.

झाले १३. उरलेले ३ मूळ प्रणालीला. प्रोसेसर सगळ्यांमध्ये आळीपाळीने फिरतो, तिथे थोडी ओढाताण चालते. रॅमची उधारी मात्र करायची नाही, कमी पडली की सगळी बिऱ्हाडं एकदम अडतात.

विजेचा हिशोबही सांगतो, कारण घरातून तो प्रश्न येतोच. सरासरी ४० वॉट धरले तर दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. आणि वीज अचानक गेली तर डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहू नये म्हणून यूपीएस हवाच.

आता खरा मुद्दा. बिऱ्हाडं चार असली तरी वाडा एकच. डिस्क गेली की चारही गेली. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. म्हणून प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवा, हरकत नाही. पण एकुलती एक प्रत तिथे नको. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला बंद व्हायला लागलं तेव्हा ज्यांनी आपलं लिखाण उतरवून घेतलं नव्हतं, त्यांचं ते गेलंच.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सरकारी कार्यालयांना सांगतं की दप्तर सूची करून, नीट लावून ठेवा. गावच्या वर्तमानपत्रावर असं बंधन नाही. पण आरक्षण कधी उठलं आणि तेव्हा विरोध कोणी केला, हे विचारायला उद्या एखादा तरुण आला, तर सरकारी कागदाशेजारी ठेवायला आपलाही कागद हवा. एकाच बाजूचा कागद शिल्लक राहिला की तोच इतिहास होतो.

म्हणून विनंती. माळ्यावर जुने अंक, सीड्या, झिप डिस्क असतील तर रद्दीत घालू नका. मशीनची आखणी थांबू शकते, सीडी थांबत नाही. तिच्यावरचा थर वर्षागणिक खराब होतो. आधी सगळं जसंच्या तसं हार्डडिस्कवर उतरवून घ्या. जमत नसेल तर घेऊन या, प्रत काढून मूळ तुमच्या हातात परत देईन. साप्ताहिकाच्या मालकांनाही विचारून घ्या, अंक त्यांचे आहेत. आणि एक्सपीच्या काळातला एखादा डीटीपीवाला ओळखीचा असेल तर त्याला हे नक्की दाखवा. चारही मशीनना जे येत नाही, ते त्याला पाठ असतं.