तुरटीचा खडा

आरसा, साबण, ब्रश आणि वस्तरा यांचे गुण गाणारे पुष्कळ भेटतात. परंतु दाढीचा सारा खटाटोप उरकल्यावर शेवटीं जिची पाळी येते, त्या तुरटीविषयीं चार शब्द बोललेला गृहस्थ आमच्या पाहण्यांत नाहीं. आम्ही स्वतः चाळीस वर्षें तिचा चटका सोशीत आलों. पण तिच्यावर कांहीं लिहावें असें आम्हांसही गेल्या दिवाळीपर्यंत वाटलें नव्हतें. त्या सुमारास जें घडलें तें वाचकांच्या कानीं घालावें, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

प्रथम खुद्द तुरटीची ओळख. तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम या धातूंचा गंधकाम्लापासून झालेला जोडक्षार. तिचा खडा दिसतो दगडासारखा, पण त्याच्या वजनांत शेंकडा ४५ भाग पाणीच असतें. जुन्या रसग्रंथांत तिला तुवरी, कांक्षी, सौराष्ट्री अशीं नांवें आहेत. आमच्या शहराच्या दखनी बोलींत ती फिटकरी. वस्तरा फिरला कीं केंसांबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राही थोडासा खरवडला जातो आणि कोठें कोठें बारीक जखमा होतात. तेथें तुरटी लागतांच प्रथिनें गोठतात, कातडी आक्रसते, आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटतात. मोठ्या जखमेपुढें मात्र तिचें कांहीं चालत नाहीं. रीत अशी कीं, दाढी झाल्यावर तोंड गार पाण्यानें धुवावें, खडा भिजवून हलक्या हातानें फिरवावा, अर्धा मिनिट थांबावें, पुन्हां तोंड धुवावें आणि खडा कोरडा करून ठेवावा. चटका जेथें अधिक बसेल तेथें हात चुकला असें समजावें. इतका स्पष्टवक्ता परीक्षक दुसरा नाहीं.

आमची आजी पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या हंड्यांत हाच खडा दोन-चार वेळां फिरवी, आणि घटकाभरानें गाळ तळाशीं बसे. आज जायकवाडीचें पाणी नळानें घरीं येतें. पण मोठमोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही मूळ युक्ति तीच, ॲल्युमिनियमच्या क्षारांनीं गाळ खालीं बसविण्याची. जी पाणी निवळते आणि रक्त थांबवते, ती स्वतः अशुद्ध कशी असेल, असा आमचा भाबडा समज होता. येथेंच आम्ही फसलों.

आमचें शहर २०२३ पासून सरकारदरबारीं छत्रपती संभाजीनगर झालें. पण आमच्या लहानपणीं तें औरंगाबादच होतें, आणि गुलमंडीच्या मागील बोळांत आमचा वाडा होता. दर आठवड्यास एक वयस्क न्हावी काखेंत धोकटी मारून आमच्या ओट्यावर येत. आमचे वडील, त्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, उघड्या अंगानें पाटावर बसत. श्मश्रू झाली कीं कोणास न शिवतां ते थेट न्हाणीघरांत जात. स्नान होईपर्यंत आम्हां मुलांसही जवळ येऊं देत नसत. न्हाव्यांस पाणी हवें असलें तर आई तें वरून त्यांच्या ओंजळींत घाली. ते अण्णांहून वडील, तरी अण्णा त्यांस अरेतुरे करीत. मौज अशी कीं, ज्या हाताचा विटाळ, त्याच हातांतली तुरटी अण्णा डोळे मिटून गालावर फिरवून घेत. आम्हांस त्या वयांत यांत कांहीं विसंगत दिसलें नाहीं.

त्यांचेच चिरंजीव आज त्या भागांत दुकान चालवितात. सारी आळी त्यांस मामा म्हणते, आम्हीही म्हणतों. मामांचा हात हलका आणि बोलणें मोजकें. दर गिऱ्हाइकामागें वस्तऱ्यांत नवें अर्धें पातें घालण्याचा त्यांचा नेम आम्ही कित्येक वर्षें पाहत आहों. आरशाखालच्या फळीवर तुरटीचा खडा असे. कित्येक गालांवरून फिरून तो नदींतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता.

गेल्या दिवाळीच्या सुटींत वैद्यकाच्या शेवटच्या वर्षास असलेला आमचा मुलगा एका रविवारीं आमच्याबरोबर दुकानांत आला. परत येतांना वाटेंत म्हणाला, “बाबा, पातं नवं घालतात हें उत्तम, पण तो खडा?” मग त्यानें जें सांगितलें तें ऐकून आमचा हात आपोआप गालाकडे गेला. ‘बी’ प्रकारच्या काविळीचा विषाणु शरीराबाहेरही निदान सात दिवस तग धरूं शकतो, आणि डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशाबरोबर एकाच्या ओरखड्यांतून दुसऱ्याच्या ओरखड्यांत जाऊं शकतो. पुढें कित्येकांचें यकृत त्यानें कायमचें बिघडतें. या प्रकारावर लस आहे. ‘सी’ प्रकारावर तीही नाहीं. तुरटी रक्त थांबवते. पण असल्या विषाणूंचा नाश करण्याचा भरंवसा तिच्यावर ठेवतां येत नाहीं.

पुढील रविवारीं आम्ही शहागंजांतून आणलेला नवा खडा एका डबींत घालून दुकानांत गेलों. दाढी झाली, मामांचा हात फळीकडे गेला, आणि आम्हीं खिशांतून डबी काढली. कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचें धैर्य झालें नाहीं म्हणा. मामांनीं डबीकडे पाहिलें, हातांतला खडा जागेवर ठेवला आणि हंसत म्हणाले, “सर, आमच्या तुरटीलाही विटाळ झाला का?” मग टॉवेल झटकतां झटकतां, जणूं स्वतःशींच, “आमचे वडील सांगायचे, तुमच्या ओट्यावर पाणी वरून मिळायचं.”

गालाचा चटका आम्हांस त्या दिवशीं जाणवला नाहीं.

घरीं येऊन आम्ही विचार करीत बसलों. मुलाचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. मग मामांचें म्हणणें खोटें कां वाटेना? अण्णांचें न्हाणीघर आणि आमची डबी, दोहोंचें बाह्य रूप एकच होतें: तुमचें आमच्या अंगास लागूं नये. ज्या समाजास आमच्या वडिलांनीं ओट्यावरच थांबविलें, त्याच समाजाच्या लोकांनीं १८९० च्या सुमारास मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें एकत्र येऊन, विधवांच्या केशवपनास आपण वस्तरा लावणार नाहीं असें जाहीर केलें होतें. शुद्ध कशास म्हणावें याचा धडा त्यांनीं तेव्हांच घालून दिला होता. आम्हांस तो एका डबीवरून शिकावा लागला.

मग सोवळें कोणतें आणि आरोग्य कोणतें? आम्हांस सुचलेली खूण सांगतों. सोवळें स्वतःपुरतें पाहतें. दुसऱ्याचा स्पर्श आपणांस बाधेल एवढीच त्यास चिंता. आरोग्याचा नियम दोन्ही बाजूंनीं लागतो. आपलें रक्तही दुसऱ्यास बाधूं शकेल हें तो आधीं कबूल करतो. आमच्यामागून त्या खुर्चींत बसणारा मनुष्य, आणि दिवसभर सर्वांचे ओरखडे हाताळणारे मामा, यांचा आम्हीं विचारच केला नव्हता. एका गालापुरती डबी घेऊन गेलों; तेव्हां मामांनीं तिला सोवळें मानलें तें योग्यच मानलें.

दोन दिवसांनीं, दुकानांत वर्दळ नसलेली वेळ पाहून, आम्ही मुलास घेऊन गेलों. प्रथम ओट्यावरील पाण्याबद्दल बोललों. बोलणें सोपें गेलें नाहीं. मग तुरटीबद्दल मुलानें सांगितलें. मामा शांतपणें ऐकत होते. शेवटीं त्यांनीं स्वतःचीं बोटें उजेडांत धरून पाहिलीं, त्यांवर जुने-नवे दोन-तीन चिरे होते, आणि म्हणाले, “म्हणजे धोका आधी मलाच की, सर.”

फळीवरचा खडा त्यांनीं कागदांत गुंडाळून त्याच दिवशीं टाकून दिला. नवा खडा आणून, फडक्यांत बांधून हातोडीनें फोडला आणि सुपारीएवढे तुकडे एका बरणींत भरले. आतां प्रत्येक गिऱ्हाइकास एक तुकडा. दाढी झाल्यावर तो त्यानें घरीं न्यावा किंवा टाकून द्यावा. तुरटी मुळांत स्वस्त, त्यामुळें खर्च नांवापुरताच. मामांनीं आणि त्यांच्या हाताखालच्या पोरानें लस टोंचून घेण्यासही सुरुवात केली. वाचकांपैकीं जे दुकानांत दाढी करवीत असतील त्यांनीं आपापला खडा अवश्य न्यावा. मात्र खिशांतून डबी काढण्यापूर्वीं दोन शब्द बोलावे, हें आमचें सांगणें.

असो. परवां आम्ही डबी घरीं विसरलों. मामांनीं बरणींतून एक तुकडा काढून आमच्या तळहातावर ठेवला आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. हनुवटीखालीं चटका बराच बसला. हात चुकला होता खरा. पण मामांस तें आम्हीं सांगितलें नाहीं.