जुन्या खणांचा मांडव

मराठवाड्यात जुने माळवद उतरवले की खांब-तुळया भंगारात जातात किंवा चुलीत, आणि त्याच गावात शाळेच्या परसबागेला लोखंडी पाइपांचा मांडव विकत आणला जातो. तेलगावसारख्या गावात, जिथे परसबागेतला दोडका आणि वाल मुलांच्या पोषण आहारात शिजतो, हा मांडव पाडलेल्या घराच्या खणांचाच, म्हणजे त्याच खांब-तुळयांच्या सांगाड्याचा असावा. पैसा वाचतो हे खरेच. पण मोठे कारण असे की हे लाकूड परीक्षेला उतरलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीचा भार अंगावर आल्यामुळे. तिथेच कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणून ‘जुन्या सामानाने माणसे मारली’ ही भीती रास्त असली तरी ती नेमक्या जागी ठेवायला हवी. जुन्या घरातून लाकूड घ्यावे, उंच भिंत नव्हे. दगड वापरायचा तो वाफ्यांच्या गुडघाभर कडेला. डोक्यावर फक्त वेल. मातीचे एक घमेलेही नको.

वाळवीचा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण वाळवी जुन्या सागालाही सोडत नाही आणि काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्याचे उत्तर त्याच घरात आहे. खांबाखालचे दगडी तळखडे सोबत आणावेत, मुरूम ठोकून पाया करावा, त्यावर तळखडा आणि मग खांब, म्हणजे लाकडाचा पाय ओल्या मातीला लागत नाही. वाऱ्यासाठी कोपऱ्यांत तिरके आडणे हवेतच. ठिबकच्या निकामी नळ्या वेलांच्या आधाराला पुरतात, भार पेलायला मुळीच नाही. राहिला प्रश्न माणसांचा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, अर्धे घर रिकामे होते, मग हे सांभाळणार कोण? पाणी घालायला शाळा आणि मागे राहिलेली म्हातारी माणसे असतात. मांडवाचे काम वर्षातून एकदाच निघते: सैल खुंट्या ठोकणे, कुजकी फळी बदलणे. लोखंडी सांध्याला वेल्डर बोलवावा लागतो. लाकडी खुंटी गावातला सुतार बसवतो. ते काम वैशाखात काढावे, टोळ्या परतल्यावर, पेरणीच्या आधी.