वीणेचा जीव



बाबा गेल्यावर खाप्याच्या सप्ताहातला वीणेचा पहाटेचा पहारा माझ्याकडे आला. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एवढंच मला ठाऊक. पहिल्याच पहाटे ती मुकी वाटली. मी खुंट्या पिळत गेलो. तार तुटता तुटता राहिली. बाबांची वीणा माझ्यावर रुसली, असं वाटून डोळे भरून आले.

शेजारचे म्हातारे टाळकरी म्हणाले, "सूर बरोबर आहे, बेटा. घोडीवरचा दोरा पाय."

दोरा झिजून गळाला होता. खापा विणकरांचं गाव. माझ्या खांद्यावरचं उपरणं बाबांनीच मागावर विणलेलं. वीणा माझ्या गळ्यातच ठेवून त्यांनी उपरण्याचं एक सूत ओढलं, तारेखाली घातलं आणि केसभर केसभर सरकवलं. एका जागी तार घोडीला हलकेच टेकली आणि झंकार उमटला. यालाच जवारी म्हणतात.

आता खुंटी सरकली तर खडू लावतो, पावसाळ्यात भोपळा कोरड्या फडक्यानं पुसतो. आणि भावाशी बोलणं बिनसलं, तर ताणत नाही. मधला दोरा तेवढा शोधतो.